कुंकू लावलेला व्हॉल्व्ह

मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "मुलगी काय करते?" वडील जुन्नरला शाळामास्तर. खोटं बोलायची सवय नाही. ते म्हणाले, "साबण विकते." पाहुण्यांच्या हातातली बशी तोंडाजवळच थांबली. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार वड्या विकणारी सून त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी. मी सावरायला गेले आणि म्हणाले, "तसला नाही, कारखान्यांना विकते. यंत्रं धुवायचा." त्यावर मुलाचे मामा अगदी गंभीरपणे म्हणाले, "यंत्रं कधी आंघोळ करतात का?"

स्थळ गेलं ते बरंच झालं, पण मामांचा प्रश्न मला नोकरीभर पुरला. नव्वदीच्या दशकात मोपेडला सॅम्पलचे डबे बांधून मी आळेफाट्यापासून मंचरपर्यंत हिंडायला लागले तेव्हापासून, ते दोन हजारच्या दशकात गुडघ्यांनी राजीनामा द्यायला लावेपर्यंत, मी लोकांना हेच समजावत होते की यंत्रांनाही आंघोळ लागते आणि ती घालायची एक पद्धत असते. दुधाच्या डेअऱ्या, बर्फाचे कारखाने, टोमॅटोचा नि आंब्याचा रस काढणारे, सगळीकडे माझी ओळख 'साबणबाई'. फक्त तळेघरच्या बाजूला माझा पाय कधी लागला नाही. तिकडे भात आणि नाचणी. त्यांना माझ्या साबणाचा काही उपयोग नव्हता, आणि मोपेड त्या चढाला अर्ध्यात मान टाकायची.

माझा शत्रू कोण ते आधी सांगते. घरातल्या पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवून बघा. बुळबुळीत लागतं ना? सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा. तेच. जंतू मोकळे असतात तोवर साधे भुरटे असतात. पण एखाद्या ओल्या पृष्ठभागावर चार जण टेकले, की ते स्वतःभोवती चिकट थर बांधतात आणि त्याखाली संसार थाटतात. वरून क्लोरीन ओतलं तर छपरावरचे मरतात, घरातले पंख्याखाली बसून असतात. आधी साबणानं ते छप्पर सोडवायचं, वाहून न्यायचं, आणि मग औषध मारायचं. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळं त्यातलं तपशिलाचं काम.

पण तपशिलातच लोक घसरतात. पहिलं पाणी कोमटच पाहिजे, कढत नको, कारण कढत पाण्यानं दुधाचा अंश पोलादावर शिजून बसतो. मग कॉस्टिकचा साबण, तो स्निग्धपणा काढतो. अधूनमधून आम्ल, ते दुधाचा दगडासारखा साका काढतं. आणि साबण पाइपातून जोरात वाहिला पाहिजे, नुसता भिजत पडून चालत नाही. यात फेसाचा कुठे उल्लेख आला का? नाही. पण गिऱ्हाइकाला फेसच हवा असायचा. मंचरचा एक बर्फवाला मला म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या साबणाला फेसच न्हाई, म्हंजी त्यात दमच न्हाई." फेस झाला की पंप हवा गिळतो, पाइप धुतलेच जात नाहीत, हे मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. तो मान डोलवत राहिला. पुढच्या खेपेला गेले तर त्याने टीव्हीवरच्या जाहिरातीतली पावडर पंपात टाकलेली आणि कारखान्याच्या दारातून फेस डुलत डुलत रस्त्यावर आलेला. एक म्हैस त्यात बसून घेत होती.

दुसरा एक रसवाला. त्याला साबणाला गुलाबाचा वास हवा होता. मी म्हटलं, "अहो, मग तुमच्या आंब्याच्या रसाला गुलाबाचा वास येईल." तो म्हणाला, "येऊ द्या की! लोक म्हंतील काय तरी नवीन काढलंय राव."

वासाचं मी गमतीनं सांगितलं, पण या धंद्यात नाक हे सगळ्यात मोठं हत्यार आहे. ते मला एका डेअरीत नीट कळलं. डेअरीचं नाव सांगत नाही. आळेफाट्याकडून जाताना एका वळणावर होती एवढं पुरे. ती सहकारी होती आणि तिथले चेअरमन तात्या. उंच, आवाज पंपापेक्षा मोठा, आणि माझी टिंगल केल्याशिवाय त्यांचा चहा उतरायचा नाही. "आल्या का साबणबाई! आज कुणाला न्हाऊ घालताय?" असं फाटकातूनच सुरू व्हायचं.

यंत्रं धुण्याचं काम रशीदभाईंकडे. पत्र्याच्या शेडमध्ये डेअरी सुरू झाली तेव्हापासूनचे. जुन्नरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि कामाला लागायचे. त्यांच्या हातात ब्रश असला की मला माझं लेक्चर अर्ध्यावर थांबवावंसं वाटायचं. असा धुणारा माणूस मला दुसऱ्या कुठल्याही डेअरीत भेटला नाही.

आणि तिथे एक देव होता. त्याची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॅनमधलं दूध मोठ्या टाकीत ओतलं जायचं, तिथून पंपानं पाइपातून थंड करायच्या यंत्राकडे जायचं. या पाइपाला मध्येच हातभर लांबीचा एक फाटा होता आणि त्याच्या टोकाला एक स्टीलचा व्हॉल्व्ह. नवीन प्लांटचं उद्घाटन झालं तेव्हा तात्यांच्या पत्नी कमलकाकूंनी तो व्हॉल्व्ह फिरवून पहिलं दूध काढलं, त्याला कुंकू लावलं आणि लाल-पिवळा दोरा बांधला. पुढे वर्ष फिरायच्या आत काकू गेल्या. नंतर पाइपाची रचना बदलली, त्या फाट्याचं काम संपलं, पण काकूंचा हात लागलेला व्हॉल्व्ह कोण काढणार? दर दसऱ्याला तात्या जुन्या दोऱ्यावर नवा दोरा बांधायचे. कुंकवावर कुंकू चढत गेलं. शेजारी रोज उदबत्ती. दूधवाले, ड्रायव्हर, सेक्रेटरी, आत येणारा प्रत्येक जण तिथे हात टेकवून कपाळाला लावायचा. मीसुद्धा. एकदा मी म्हटलं होतं, "तात्या, दुधाजवळ उदबत्ती नको, राख पडते." तात्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "मॅडम, त्यो देव हाय." मी विषय सोडला.

तर एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला या डेअरीचा टँकर पुण्याहून परत आला. दूध आंबलेलं. पुन्हा एकदा आला. मग पुन्हा. पुण्याच्या गिऱ्हाइकानं निरोप पाठवला की असंच चालू राहिलं तर दुसरीकडून दूध घेऊ. डेअरीत कारणांची जत्राच भरली. कोणी म्हणे नजर लागली, आणि फाटकाला लिंबू-मिरची लटकली. कोणी म्हणे म्हशींना टोमॅटोचा पाला घातला म्हणून. सेक्रेटरी ओझरला जाऊन विघ्नहराला साकडं घालून आले. सगळ्यांत सोपं कारण कमिटीनं शोधलं, की रशीद कामचोर झालाय. शनिवारी कमिटी बसून त्यांना काढणार असं ठरत आलं.

मला बोलावलं ते शुक्रवारी. तात्यांनी टिंगल केली नाही, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी समजले. "मॅडम, एक तर तुमचा साबण बोगस हाय, न्हाई तर रशीद धूत न्हाई. तुमी बघा आन् सांगा. उद्या मला सही करायची हाय." त्यांनाही ती सही नको होती हे दिसत होतं, पण चेअरमनची खुर्ची आणि दूध घालणारी एवढी घरं पाठीशी.

रशीदभाई दारात उभे होते. मला म्हणाले, "मॅडम, काढलं तर काढू द्या. पर 'दूध नासवनारा' म्हनून काढलं तर मला कोन उभं करल वो दुसऱ्या डेअरीत? आन् या वयात मी दुसरं काय शिकू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं. मी नुसतीच "बघू" म्हणाले, आणि माझाच आवाज मला पोकळ वाटला.

मी निळ्या रंगाची चाचणी लावली. ती समजायला सोपी आहे. दुधात निळा रंग टाकायचा आणि नळी कोमट पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. पहिल्या टाकीतल्या दुधाचा रंग छान टिकला. थंड करणाऱ्या यंत्रातून बाहेर आलेल्या दुधाचा मात्र बघता बघता उडाला. म्हणजे म्हशी निर्दोष, टोमॅटोचा पाला निर्दोष, नजरही निर्दोष. चोर घरातच होता, टाकी आणि यंत्र यांच्या मध्ये कुठेतरी.

मी रशीदभाईंना म्हटलं, "माझ्यासमोर सगळं धुवा. नेहमीसारखं." आणि उलट्या क्रेटवर बसले. त्यांनी कोमट पाणी फिरवलं, साबण फिरवला, थंड करायच्या यंत्राच्या पोलादी प्लेटा उघडून दाखवल्या. त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चिंतेत होता. मग पाइपाचे सांधे एकेक करून उघडले, घासले, लावले.

"सगळे सांधे उघडले ना?"

"सगळे, मॅडम."

"एकही सोडला नाही?"

"आईची शप्पत."

आणि ते खोटं बोलत नव्हते. हे मला नंतर कळलं, आणि त्याची मजा मला आजही वाटते. त्यांच्या हिशेबात तो व्हॉल्व्ह सांधाच नव्हता. तो देव होता. देव कोणी पान्यानं उघडतं का?

मी दमून उठले. जाता जाता सवयीनं व्हॉल्व्हला हात टेकवला आणि कपाळाकडे नेला. हात नाकासमोरून गेला आणि तिथेच थांबला. आंबूस, जुनाट, ओल्या बोळ्यासारखा वास. इतकी वर्षं मी याच व्हॉल्व्हच्या पाया पडत होते, हा वास कधी आला नव्हता. मग लक्षात आलं. मी चाचणी करणार म्हणून रशीदभाईंनी त्या दिवशी माझा मान राखून उदबत्ती लावली नव्हती.

मनात सगळं जुळलं. हातभर लांबीचा बंद फाटा. साबण मोठ्या पाइपातून जोरात पुढे जातो, फाट्याच्या तोंडाशी नुसता डोकावतो, आत शिरत नाही. दूध मात्र हळूच शिरून बसतं. आत जंतूंनी वाडाच बांधला असणार, आणि दर फेरीला त्यांची पोरं-बाळं नव्या दुधात उतरत असणार. आजवर थर पातळ होता म्हणून निभावलं, यंदा तो जाड झाला, त्यात उन्हाळा लागला आणि गणित बिघडलं.

"रशीदभाई, हा उघडा."

त्यांनी पाना मागे लपवला. खरंच लपवला, पाठीमागे. "त्याला हात न्हाई लावायचा, मॅडम."

"अहो, तुमची नोकरी यात अडकलीय."

"जाऊ द्या नोकरी. कमलताईंचा दोरा हाय. मी सुरुवातीला हितं आलो, तवा त्यांनी मला पयला भाकरतुकडा दिलेला. त्यांची गाठ मी न्हाई सोडनार."

 माणूस स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा हातात देत होता आणि वर 'नको' म्हणत होता. मला रागही आला आणि त्यांच्यापुढे लाजही वाटली. मी ओल्या पायांनी तशीच तात्यांच्या केबिनमध्ये गेले.

सरळ सांगितलं असतं तर तात्यांनी मला साबणाच्या पिंपात बुडवलं असतं. म्हणून मी चहा मागितला आणि आडून सुरुवात केली.

"तात्या, पत्र्याच्या शेडमध्ये डेअरी होती तेव्हा कॅन कोण तपासायचं?"

"ही तपासायची." तात्या खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या घरी 'ही' म्हटलं की कोण, ते सगळ्यांना माहीत. "कॅनमधी कोपरापत्तर हात घालायची. आतनं बोटं फिरवायची आन् हुंगायची. वास आला की कॅन रस्त्यावर गडगडवत सोडायची. मालक कोन, कायबी बघायची न्हाई. एकदा सख्ख्या भावाचा कॅन सोडला. मेव्हना दोन दिवाळ्या आला न्हाई घरी." तात्या हसले. "लई खमकी व्हती."

"भाऊबीजेलाही नाही?"

"न्हाई ना! पर हिनं माफी मागितली न्हाई. म्हनली, आदी कॅन धुवून आन, मग ओवाळते."

मी कप खाली ठेवला. "तात्या, काकू आज इथे आल्या असत्या, तर तो व्हॉल्व्ह हुंगला असता का त्यांनी?"

तात्यांचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं.  मला वाटलं, संपलं, आता नोकरी रशीदभाईंची नाही, माझी जाणार. मग तात्या उठले आणि बाहेर गेले.

व्हॉल्व्हसमोर जाऊन ते वाकले. हात जोडले नाहीत. नाक जवळ नेलं.

पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, "रशीद, पाना आन."

रशीदभाईंनी दोरा कापायला ब्लेड पुढे केलं तर तात्यांनी नको म्हणून मान हलवली. वर्षानुवर्षांच्या गाठी, कुंकवानं आणि ओलीनं कडक झालेल्या. त्यांनी नखांनी एकेक सोडवली. सगळ्यांत आतला दोरा पार विटलेला होता, लाल कुठलं आणि पिवळं कुठलं ते कळत नव्हतं. तो त्यांनी खिशात ठेवला. मग पाना रशीदभाईंकडे दिला आणि म्हणाले, "आता तू."

व्हॉल्व्ह निघाला आणि सेक्रेटरी, दोन ड्रायव्हर आणि कमिटीचा एक मेंबर एकदम फाटकापर्यंत मागे गेले. वासाचं वर्णन दिवाळी अंकात करू नये. आतून पिवळट, तारा सुटणारी बुळबुळ ओघळली, चिरलेल्या भेंडीसारखी.  "मॅडम, हे माझ्या हातून ऱ्हायलं व्हय?" रशीदभाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

तात्यांनी मात्र बाही सारली. फाट्यात हात घातला, आत गेला तिथवर. बोटं फिरवून बाहेर काढली, अंगठ्यानं चोळली आणि हुंगली. अगदी मघाशी त्यांनी सांगितलं होतं तसं.

"तुज्या हातून न्हाई," ते रशीदभाईंना म्हणाले. "हे माज्या हातून ऱ्हायलं. हिच्या हाताचं म्हनून मी धुवू दिलं न्हाई. आन् ही असती ना, तर या पाइपासकट मला रस्त्यावर गडगडवत सोडलं असतं." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि त्याच वेळी त्यांना हसू आलं. आम्हा कोणालाच कुठे बघावं कळेना.

शनिवारी कमिटी बसली, पण सही झाली ती फिटरला बोलावण्याच्या कागदावर. मी म्हटलं, "फाटा कापूनच टाका." तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाईनं म्हणाले, "बरं, आखूड करा." फाटा चार बोटांचा केला आणि व्हॉल्व्ह रोज उघडता येईल असा बसवला. आम्ही सगळी लाइन आधी कॉस्टिकनं, मग आम्लानं, मग पुन्हा कॉस्टिकनं धुतली, आणि मगच क्लोरीन दिलं. पुढचा टँकर परत आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. फाटकावरची लिंबू-मिरची मात्र तशीच राहिली, आणि सेक्रेटरींनी ओझरला पेढे वाहिले. माझ्या साबणाचं श्रेय असं विघ्नहराला गेलं. माझी तक्रार नाही, त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.

पुढे तिथे संगणकाचं बटण दाबून धुणारं यंत्र आलं, रशीदभाई निवृत्त झाले, मीही झाले. एका गोष्टीची रुखरुख मात्र राहिली. कमलकाकूंना मी कधी पाहिलं नाही. माझ्या धंद्यातली मला भेटायला हवी होती अशी एकच बाई, आणि तिची नि माझी चुकामूक झाली.

पण त्या वर्षीचा दसरा मी पाहिला. तात्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता. गेले तर यंत्रांना झेंडूच्या माळा, माझ्या साबणाच्या पिंपालाही एक, आणि उदबत्ती फाटकाबाहेर. व्हॉल्व्ह खोलून ताटात ठेवलेला. त्याच्यासमोर रांग. सेक्रेटरी, मेंबर, ड्रायव्हर, सगळे नव्या कपड्यांत आणि सगळ्यांच्या बाह्या वर. प्रत्येकानं पाइपाच्या उघड्या तोंडात बोटं फिरवायची, हुंगायची आणि मगच पुढे सरायचं. रशीदभाई बाजूला पाना घेऊन उभे होते, लग्नातल्या यजमानासारखे. हा नवा रिवाज तात्यांनी काढला होता, आणि गुरुजींनी 'शास्त्रात नाही' म्हटल्यावर त्यांना सगळ्यांत आधी हुंगायला लावलं होतं.

"साबणबाई, तुमी बी या," तात्या ओरडले.

मी बांगड्या मागे सारल्या, बोटं आत घातली, फिरवली, नाकाशी नेली.

"काय?" तात्यांनी विचारलं. पंपापेक्षा मोठा तो आवाज एकदम बारीक झाला होता.

"काहीच नाही."

"कायच न्हाई?"

"कसलाच वास नाही, तात्या."

त्यांनी खिशातून तो विटका दोरा काढला, रशीदभाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "मग बांध आता."